कुंचीकाकूंचा रकाना

सुरुवातीलाच माफी मागतो. कुंचीकाकूंवर लिहू शकतील अशी कितीतरी माणसं असतील. त्यांच्या हातून पहिली आंघोळ झालेली लेकरं आता माझ्याहून मोठी आहेत. त्यांच्यापैकी कोणी लिहिलं असतं तर ते शोभलं असतं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही आणि परीक्षेची उत्तरं सोडली तर मी कधी काही लिहिलेलं नाही. पण खरी अडचण ती नाही. ज्याच्यामुळे एखाद्याचं काम गेलं, त्यानेच त्या माणसावर कौतुकाने लिहायला बसावं, हे माझं मलाच बरं दिसत नाही. तरी लिहितो आहे, कारण मागच्या महिन्यात दुकानात एक फोन आला आणि त्यानंतर गप्प बसवेना.

काकूंना दुकानात ठेवलं होतं माल विकला जावा म्हणून, आणि पहिल्या फोनवर त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगायच्या, "आत्ता घेऊ नका."

दुकान अमरावतीचं. तान्ह्या बाळांचे सुती कपडे, म्हणजे झबली, टोपडी, दुपटी आणि कुंच्या. डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी, झालर लावलेली कुंची आमच्याकडे सगळ्यात जास्त खपायची. खाली दुकान, वरच्या खोलीत वेबसाइटचं काम. मालकांना सगळे भैय्या म्हणत. मी अकोल्याकडच्या गावातून शिकायला आलेलो. बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दुपारचे तास संपले की तिथे कामाला जायचो. वेबसाइट बघणं आणि गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर मेसेज पाठवणं हे माझं काम. काकूंचं काम फोनचं. आधी त्यांनी बाळंतपणाच्या एका दवाखान्यात आया म्हणून उभी हयात काढली होती. तिथून मोकळ्या झाल्यावर घरात मन रमेना. "घर खायले उठते नं रे बाप्पा," म्हणायच्या. गिऱ्हाइकं त्यांचा नंबर मोबाइलमध्ये 'कुंचीवाल्या काकू' म्हणून ठेवत, त्यावरून आम्हीही त्यांना कुंचीकाकू म्हणू लागलो.

वेबसाइटवर कोणी कपडे बघून नंबर टाकला की काकू फोन लावायच्या. नमस्कार नाही, दुकानाचं नाव नाही. पहिला प्रश्न, "कितवा चालू हाय, ताई?" समोरची बाई आधी गडबडायची, मग सांगायची. एकदा पुण्याच्या एका बाईंना पाचव्या महिन्यातच सगळा संच हवा होता. काकू म्हणाल्या, "आत्ता काई घेऊ नका. तुमच्या आजीचं जुनं लुगडं असन तर काढून ठेवा. मऊ असते. लेकरू आलं का आधी त्याच्यात गुंडाळा. नवं बारशाले घालाचं." बाई म्हणाल्या असाव्यात की अहो, मी पैसे देते आहे. काकू म्हणाल्या, "पैसे कुठी पळून चालले का? लेकरू होऊ द्या. मी करीन फोन."

भैय्या जिन्यात उभे राहून ऐकत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "काकू, गिऱ्हाईक दारात आलं अन् तुमी त्याले वापस धाडलं?"

"तुमी कराल काय, भैय्या, जन्माच्या आधी नवे कपडे?" काकूंनी विचारलं. भैय्यांच्या घरीही चालत नव्हतं. आमच्याकडे कोणाकडेच चालत नाही. भैय्या खाली गेले.

फोन ठेवला की काकू माझ्या टेबलाशी यायच्या आणि यादीत बाळंतपणाचा दिवस लिहायला सांगायच्या. पण त्यांचे दिवस वेगळ्याच भाषेत असत. "लिही, पोळ्याच्या पुढं." "हिले संक्रांतीच्या आगंमागं." "ही भुलाबाईच्या वक्ताले, पण पहिलटकरीण हाये, चार दिवस लांबन." मी मोबाइलवर सण बघून तारखा टाकायचो. तुम्हाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. पण माझ्या सगळ्या हुशारीच्या मुळाशी ती यादी होती.

दिवस भरत आले की काकू पुन्हा फोन करायच्या, त्या बाईला किंवा तिच्या आईला. मग खुर्चीतूनच मला सांगायच्या, "आलं! पोरगी हाये. दोघी बऱ्या हायेत. धाड आता तुहा मेसेज." मग मी मेसेज पाठवायचो. 'घरी पाहुणा आला ना? बारशाला आता थोडेच दिवस!' खाली संचाचा फोटो, दहा टक्के सूट आणि एक लिंक. काकूंना सूट मुळीच पटायची नाही. "बारशाच्या कपड्याले घासाघीस करते का कोणी? अन् हे पिवळं तोंड काहून हासून राह्यलं?" मी सांगायचो की काकू, मेसेजमध्ये असं टाकावं लागतं. "टाका बाप्पा, कॉम्प्युटर सायेब. तुमचं तुमी जाणा."

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. कधीकधी फोन लवकर संपायचा. मग काकू उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहायच्या, स्क्रीनवर एका नावावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "याले काई धाडू नको." एवढंच. मी ते नाव काढून टाकेपर्यंत बोट तिथून हलायचं नाही. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच गार व्हायचा. मी कारण विचारत नसे. कळत होतं.

आता त्या रिपोर्टबद्दल. विक्री नेमकी कशामुळे होते हे भैय्यांना हवं होतं. मी व्हिडिओ बघून बघून एक सॉफ्टवेअर शिकलो आणि बसवलं. ते दर महिन्याला सांगायचं की कोणती विक्री कोणाच्या नावावर. एक रकाना जाहिरातीचा, एक मेसेजचा, एक फोनचा. नियम सोपा होता. गिऱ्हाइकाने खरेदीच्या आधी शेवटी जे दाबलं, त्याला विक्री मिळायची. फोनवरच ऑर्डर घेतली किंवा फोननंतर सात दिवसांत माणूस स्वतःहून वेबसाइटवर आला, तर ती फोनच्या रकान्यात. मेसेजमधली लिंक दाबून घेतलं, तर मेसेजच्या.

काकू फोनवर कधीच ऑर्डर घेत नव्हत्या. त्यांचं बोलणं व्हायचं पाचव्या-सातव्या महिन्यात आणि खरेदी व्हायची बारशाला. त्या सॉफ्टवेअरची सगळी आठवण सात दिवसांची. बाळ झाल्यावर काकू पुन्हा फोन करायच्या, पण पाठोपाठ माझा मेसेज जायचा आणि बाई लिंक त्याच्यातली दाबायच्या. पुण्याच्या त्या बाईंनी चार महिन्यांनी तीन कुंच्या घेतल्या, एक स्वतःच्या बाळाला आणि दोन बहिणीच्या जुळ्यांना. त्या विक्रीवर माझ्या मेसेजचं नाव लागलं.

पहिल्या महिन्यात मला ते बघून हसू आलं. दुसऱ्या महिन्यात भैय्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय मेसेज लिहितं रे पोट्टं! पाय नं, सारा धंदा तुह्या मेसेजवर हाये." माझ्या पाठीवर अशी थाप तोपर्यंत कोणी मारली नव्हती. वर्गात मी मागच्या बाकावरचा, इंग्रजीत प्रश्न आला की खाली बघणारा. मी भैय्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग मी त्याच रिपोर्टवर कॉलेजचा प्रकल्प केला, छोट्या दुकानाच्या ऑनलाइन विक्रीत मेसेजचा वाटा. प्रकल्प बरा दिसावा म्हणून मेसेज आपोआप जाण्याची सोय केली. यादीतल्या तारखेनंतर पाच दिवसांनी मेसेज आपला आपण सुटणार, काकूंच्या "धाड आता"ची वाट बघायची गरज नाही. काकूंना मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अन् लेकरू लांबलं तर? अन्..." आणि त्यांनी यादीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "तुमी सांगा नं, काकू. मी काढून टाकीन नाव."

मग एका दुपारी भैय्या रिपोर्टचा कागद घेऊन वर आले. काकू अजून यायच्या होत्या. भैय्यांनी विचारलं, "खरं सांग. काकूच्या फोनानं काई इकते का?"

मी म्हणालो, "रिपोर्टमध्ये तर दिसत नाही."

हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा तपासून पाहिलं आहे. त्यात एक शब्दही खोटा नाही. म्हणूनच ते बोलायला मला जड गेलं नाही. भैय्या वाईट माणूस नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, कारण त्या खोलीत हे जाणणारा मी एकटाच होतो. मी सगळं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. प्रकल्प मांडायला थोडेच दिवस उरले होते.

त्या आठवड्याच्या शेवटी भैय्यांनी काकूंना साडी-चोळी दिली आणि आता आराम करा म्हणाले. काकूंनी साडी पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे आल्या. "तो फोनाचा रकाना कोणता, दाखव बरं." मी दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"हे शून्य माह्यं?"

"हो, काकू."

"बरं हाये. लेकराच्या टाळूसारखं गोल हाये." आणि हसल्या. मग शेजारच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् हे एवढं मोठं तुह्यं? शाबास रे पोट्ट्या." त्या टोमणा मारत नव्हत्या. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. जिन्याशी जाऊन त्या थांबल्या. "यादी सांभाळजो. लेकरं हायेत त्याच्यात."

प्रकल्पाला माझा पहिला नंबर आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "मेसेज मिळण्याआधी हे ग्राहक काय करत होते?" मी म्हणालो, "त्याची नोंद नाही, सर." त्यांनी मान डोलावली. प्रशस्तिपत्र आईने टीव्हीच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. तिला वाचता येत नाही. आल्या-गेल्याला ती माझं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवते.

काकू गेल्यावर विक्री कमी झाली नाही. ही गोष्ट मी स्वतःला रोज सांगत होतो. भैय्याही म्हणाले, "पाह्यलं? काई फरक पडला?" महिना गेला, दुसरा गेला, कुंच्या तशाच जात होत्या. मला वाटू लागलं की आपण बोललो तेच खरं असेल. मधूनमधून एखादी बाई ऑर्डरची चौकशी करताना म्हणायची, "तुमच्या काकूंचा काल फोन आला होता हो, फार बरं वाटलं." मला वाटायचं, यांचा काही गोंधळ होतो आहे.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. काकूंना जाऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा प्रकल्प मांडायच्या आदल्या सकाळी माझ्या मोबाइलवर कुंचीकाकूंचं नाव आलं. मी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो. उचलला नाही. काम परत मिळेल का असं विचारतील, किंवा काहीच न विचारता नुसतं कसा आहेस म्हणतील, दोन्हीची मला भीती वाटली. दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी मोबाइल कठड्यावर उलटा ठेवला आणि वाजायचा थांबेपर्यंत समोरचं मैदान बघत राहिलो.

प्रकल्प झाल्यावर मी थेट दुकानात गेलो. प्रशस्तिपत्र हातातच होतं. वरचा फोन वाजत होता. एका बाईचा आवाज, अगदी हळू. "मी मोर्शीहून बोलते. तुमचा मेसेज आला आज. पाहुणा आला ना म्हणून." मी नेहमीसारखा म्हणालो, "हो ताई, अभिनंदन." मग त्या म्हणाल्या, "आला होता. चार दिवस राहिला." आणि फोन बंद झाला.

मी त्यांचं नाव यादीतून काढलं. भैय्यांना सांगितलं नाही. आदल्या दिवसाचे तीन फोन आणि हा फोन यांचा काही संबंध असेल असं मी मनात येऊ दिलं नाही. काकूंना तर माहीत असण्याचं कारणच नव्हतं, त्या दुकानात नव्हत्या. असं मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

पाच-सहा महिन्यांनी विक्री पडली. मेसेज तेच, पिवळं तोंड तेच. भैय्यांनी सूट वाढवायला सांगितली, मी वाढवली. लिंक कोणी दाबेना. मी बसून यादी वर-खाली करत होतो, तेव्हा लक्षात आलं की काकूंनी लिहायला सांगितलेलं शेवटचं नाव संपलं होतं. काकू जाण्याच्या दिवशी ज्या बाया तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होत्या, त्यांचीही बाळंतपणं उरकली होती. त्या सगळ्यांना काकूंनी सांगितलं होतं, "लेकरू होऊ द्या, मी करीन फोन." आणि दुकान सुटल्यावरही त्या घरून, स्वतःच्या मोबाइलवरून, एकेकीला फोन करत राहिल्या होत्या. शेवटचं बाळ येईपर्यंत. 'काकूंचा काल फोन आला होता' म्हणणाऱ्या बायांचा काही गोंधळ नव्हता. ज्यांना मी मेसेजची विक्री म्हणायचो, ते महिनेही त्यांचेच होते.

तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेलो. कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, भाचीकडे गेल्या, चांदूर बाजारला. चांदूर बाजार काही लांब नाही, एस.टी. सारखी असते. मी गेलो नाही. परीक्षा होती, मग पुढच्या प्रवेशाची धावपळ होती, मग आता काय तोंड घेऊन जायचं असं झालं. त्यांचा नंबर मोबाइलमध्ये तसाच आहे. मी कधी लावला नाही.

भैय्यांना मात्र शेवटी सांगितलं. सगळं, त्या एका वाक्यासकट. ते म्हणाले, "मले तवाच काहून नाई सांगतलं, बे?" ते रिपोर्ट आम्ही आता काढत नाही. मी एम.सी.ए.ला आहे, दुपारी अजून तिथेच जातो. यादीतल्या बायांना स्वतः फोन करायचा प्रयत्न करतो. "कितवा" हे माझ्या तोंडून नीट निघत नाही.

मागच्या महिन्यात आलेला फोन मोर्शीचा होता. आवाज मी ओळखला. त्या म्हणाल्या, "कुंचीवाल्या काकू आहेत का?" मी नाहीत म्हटलं. "त्यांचा मोबाइल लागत नाही हो. त्यांना सांगायचं होतं, मला पाचवा चालू आहे. आत्ता काही नको, त्या रागावतील. पण त्यांना कळायला पाहिजे." मी चांदूर बाजारच्या भाचीबद्दल सांगितलं आणि पत्ता काढून कळवतो म्हटलं. मग जराशा धीराने विचारलं की काकू तुमच्या ओळखीच्या कशा.

"ओळखीच्या म्हणजे, मागच्या वेळी आल्या होत्या ना आमच्याकडे. एस.टी.नं. आमचं बाळ गेलं त्या दिवशी त्यांनी बाळाची चौकशी करायला फोन केला होता. आईनं उचलला, तेव्हाच त्यांना कळलं. मग तुमचा मेसेज आला. आई त्यांना फोन करून खूप बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. दोन दिवस राहिल्या. माझं सगळं केलं त्यांनी, आईला हात लावू दिला नाही."

मी विचारलं, "मेसेजबद्दल काही बोलल्या का?"

"हो. पाय धरायला निघाल्या माझ्या आईचे. म्हणाल्या, चूक माझी हाये, बाई. आमच्या दुकानातल्या पोराले बोल लावू नका. त्यानं इचारलं होतं मले, काकू, या ताईले धाडू का म्हणून. मीच त्याले सांगायची इसरली."

मी काहीच विचारलं नव्हतं. 'याले काई धाडू नको' एवढंच सांगायला त्या फोन करत होत्या, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मी मोबाइल उलटा ठेवला होता.